चिंचोका, सोयाबीन आणि क्ष

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



बालभारतीने २०१८ साली दहावीसाठी ‘गणित भाग १’ हे बीजगणिताचे पुस्तक काढले. त्याचे पहिले प्रकरण ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ आणि पाचवे ‘संभाव्यता’. एकाच पुस्तकातली ही दोन प्रकरणे, पण एका वाड्यात राहून एकमेकांशी न बोलणाऱ्या भाऊबंदांसारखी. पहिल्या प्रकरणात मुले अज्ञात संख्या शोधतात. पाचव्या प्रकरणात नाणे उडवतात, फासा टाकतात, पत्त्यांच्या कॅटमधून पत्ता काढतात. पण तिथे अज्ञात असे काही नसतेच. नाण्यावर छापा पडण्याची संभाव्यता निम्मी, फाशावर सहा पडण्याची एक षष्ठांश, हे आधीच ठरलेले असते. मुलांनी फक्त मोजायचे आणि भागायचे.

या दोन भाऊबंदांना आज एका ओसरीवर बसवायचे आहे. संभाव्यता आधी माहीत नसेल, तर ती समीकरण मांडून कशी काढायची, आणि ती काढता आली तर शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्यातल्या माणसाला तिचा काय उपयोग, एवढाच आजचा विषय. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या. नसली तरी अडणार नाही.

दोनच शक्यता, म्हणून निम्मी-निम्मी?

सुरुवात एका नेहमीच्या गोंधळापासून करू. पारावर बसलेल्या एखाद्याला विचारा, ‘उद्या पाऊस पडेल का हो?’ तो हसून म्हणतो, ‘पडेल नाहीतर नाही. निम्मी-निम्मी शक्यता.’ त्याची चेष्टा असते, पण पुष्कळ जण मनातून तसेच मानतात. दोनच गोष्टी होऊ शकतात, म्हणजे प्रत्येकीची शक्यता निम्मी. हे खरे असते तर जमिनीत टाकलेल्या दर दोन बियांपैकी एकच उगवली असती, मग बियाणे नवे असो की पाच वर्षांचे जुने. तसे होत नाही, हे शेतकऱ्याला सांगायला गणिताचा मास्तर लागत नाही.

पाठ्यपुस्तकातले सूत्र असे आहे: अनुकूल निष्पत्ती भागिले एकूण निष्पत्ती. ते बरोबर आहे, पण त्याला एक अट आहे. सगळ्या निष्पत्ती समसंभाव्य, म्हणजे सारख्याच शक्यतेच्या असल्या पाहिजेत. नाण्याच्या दोन बाजू जवळपास सारख्या, फाशाच्या सहा बाजू सारख्या, म्हणून तिथे हे सूत्र चालते. कवडीच्या दोन बाजू सारख्या नाहीत. फोडलेल्या चिंचोक्याच्या नाहीत. ‘उगवली’ आणि ‘न उगवली’ या तर मुळीच सारख्या नाहीत. अशा ठिकाणी संभाव्यता अज्ञात असते.

अज्ञाताचे करायचे काय? याचे उत्तर आपल्याकडे फार जुने आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धांतशिरोमणी’ पूर्ण केला. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाचे, चांगदेवाचे नाव असलेला शिलालेख आहे, म्हणजे हे घराणे आपल्याच मुलखाशी जोडलेले. जी संख्या माहीत नाही तिला आपल्या जुन्या गणितात ‘अव्यक्त’ म्हणत. पहिल्या अव्यक्ताचे नाव ‘यावत्तावत्’, म्हणजे ‘जितके असेल तितके’. आणखी अव्यक्ते असतील तर त्यांना रंगांची नावे: कालक, नीलक, पीतक. किती आहे ते कळत नाही म्हणून हातावर हात धरून बसायचे नाही. ‘जितके असेल तितके’ असे नाव देऊन त्याला हिशोबात बसवायचे. पुढे हिशोबच त्याला बोलते करतो. आपण त्या अव्यक्ताला क्ष म्हणू.

संभाव्यतेच्या बाबतीत एक गोष्ट नेहमी हाताशी असते. एखादी गोष्ट घडण्याची संभाव्यता आणि न घडण्याची संभाव्यता यांची बेरीज बरोबर एक. घडण्याची क्ष असेल आणि न घडण्याची य, तर क्ष अधिक य बरोबर एक. हे समीकरण आपल्याला फुकट मिळते. अज्ञाते दोन आहेत, तेव्हा आणखी एकच समीकरण हवे. ते प्रयोगातून आणायचे.

चिंचोक्यांचा खेळ

आता प्रयोग करू. चिंचोके फोडून त्यांच्या फाका आपण सगळ्यांनीच खेळल्या आहेत. एक बाजू काळी, गोलसर; दुसरी पांढरी, सपाट. कवड्या नसल्या की याच फाकांवर पट मांडायचा. कुठे त्याला अष्टाचम्मा म्हणतात, कुठे चल्लसआठ. गावोगावी नियम थोडे बदलतात, पण पुष्कळ ठिकाणी रीत अशी असते: चार फाका फेकायच्या, जितक्या उताण्या पडतील तितके दान; चारही उताण्या पडल्या तर चार, आणि चारही पालथ्या पडल्या तर आठ.

एक फाक उताणी पडण्याची संभाव्यता किती? फाकेकडे कितीही वेळ बघत बसलात तरी कळणार नाही. तिला क्ष म्हणा, पालथी पडण्याच्या संभाव्यतेला य म्हणा. चारही फाका सारख्या आहेत आणि एकीच्या पडण्याचा दुसरीवर परिणाम होत नाही, असे धरू. मग चारही उताण्या पडण्याची संभाव्यता क्ष गुणिले क्ष गुणिले क्ष गुणिले क्ष, म्हणजे क्षचा चौथा घात. तसाच चारही पालथ्या पडण्याचा यचा चौथा घात.

समजा, मुलांनी उन्हाळ्याच्या सुटीत ८१० वेळा दान टाकले. चार हे दान १६० वेळा पडले आणि आठ १० वेळा. म्हणजे चार हे आठच्या सोळापट वेळा पडले. क्षचा चौथा घात यच्या चौथ्या घाताच्या सोळापट. आता कोणत्या संख्येचा चौथा घात सोळा? दोनचा. दोन दुणे चार, चार दुणे आठ, आठ दुणे सोळा. तेव्हा क्ष हा यच्या दुप्पट. हे झाले दुसरे समीकरण. पहिले आपल्याकडे होतेच: क्ष अधिक य बरोबर एक. क्षच्या जागी दोन य घाला. तीन य बरोबर एक, म्हणून य एक तृतीयांश आणि क्ष दोन तृतीयांश. ही फाक तीनपैकी दोन वेळा उताणी पडते.

खरी गंमत पुढे आहे. चार आणि आठ या दोनच दानांवरून आपण क्ष काढला. पण एकदा तो हाती आला की बाकीची दानेही सांगता येतात. एक हे दान ८१० पैकी सुमारे ८० वेळा पडायला हवे, दोन २४० वेळा, तीन ३२० वेळा. मुलांनी ती दानेही वहीत टिपली असतील तर ताडून पाहावीत. थोडाफार फरक पडेलच, पण आकडे साधारण जुळले तर आपली मांडणी बरोबर. फारच वेगळे आले तर कुठेतरी आपले गृहीत चुकले: एखादी फाक इतरांपेक्षा वेगळी असेल, किंवा एखादा गडी दान टाकताना हात राखत असेल! समीकरण उत्तर देते आणि ते तपासायची सोयही करून देते. हे तपासणे शेताच्या बांधावर फार उपयोगी पडते. आता तिकडेच जाऊ.

गोणपाटावरची शंभर दाणे

शिरूर अनंतपाळ, निलंगा, देवणी, उदगीर हा सगळा पट्टा खरिपात सोयाबीनचा आणि तुरीचा. लातूरची बाजार समिती सोयाबीनसाठी राज्यभर ओळखली जाते. जूनमध्ये चांगला पाऊस झाला, ७५ ते १०० मिलिमीटर ओल जमिनीत उतरली, की पेरणीची घाई सुरू होते. सोयाबीनचे बी तसे नाजूक. त्याचे साल पातळ असते. काढणीत भिजले, मळणीत मार बसला किंवा पोते आपटले तरी कोंब दुखावतो. २०१९ च्या ऑक्टोबरात काढणीच्या वेळी पावसाने पिकाला गाठले. पुढच्या वर्षी, २०२० च्या जूनमध्ये, मराठवाड्यातून ‘पेरले पण उगवले नाही’ अशा तक्रारींचा ढीग पडला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली होती. ज्याची पेरणी वाया जाते त्याचे बियाणे जाते, खत जाते, मजुरी जाते आणि पावसाचे ते चार दिवसही जातात. ते चार दिवस परत विकत मिळत नाहीत.

म्हणून कृषी खाते सांगते की, पेरणीपूर्वी घरच्या घरी उगवण तपासा. ओल्या गोणपाटावर दहा ओळींत दहा-दहा, असे शंभर दाणे मांडायचे, गोणपाटाची गुंडाळी करून सावलीत ठेवायची, अधूनमधून पाणी शिंपडायचे. सहा-सात दिवसांनी उघडून निरोगी कोंबाचे दाणे मोजायचे. प्रमाणित सोयाबीन बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असावी, असा दंडक आहे.

इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. पहिली, दाणे निवडून घ्यायचे नाहीत. टपोरे दाणे वेचून मांडले तर आपण आपलीच फसवणूक करतो. पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठ-मूठ घ्या, मिसळा आणि हाताला येतील ते शंभर मांडा. नमुना निवडताना माणसाची आवडनिवड मधे येऊ द्यायची नाही, हे तत्त्व भारतीय शेतीच्या मोजणीत ज्यांनी रुजवले त्यांत एक मराठी नाव मोठे आहे: डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेल्या या संख्याशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात भारतीय कृषी संशोधन परिषदेत काम करताना पीक कापणी प्रयोगांना शास्त्रशुद्ध पाया दिला. कोणत्या शेतातला तुकडा कापून मोजायचा हे तलाठ्याने किंवा शेतकऱ्याने ठरवायचे नाही, ते यादृच्छिक पद्धतीने ठरायचे. चिठ्ठी टाकल्यासारखे.

दुसरी गोष्ट, शंभरांत ६६ उगवले म्हणजे पोत्याची उगवण ६६ टक्केच, असे नव्हे. ज्या पोत्याची खरी उगवण ७० टक्के आहे, त्यातून पुन्हा पुन्हा शंभर दाणे काढले तर कधी ६४ येतील, कधी ७६ येतील. शंभरातल्या सुमारे पंच्याण्णव वेळा आकडा ६१ ते ७९ यांच्या मधे पडेल. म्हणून ६६ वर बियाण्याला नावे ठेवता येत नाहीत, आणि ७४ वर निर्धास्तही होता येत नाही. चार वेळा चाचणी करून चारशे दाण्यांची सरासरी काढली तर हीच पट्टी साधारण ६५ ते ७५ इतकी आखडते. बीज परीक्षण प्रयोगशाळेत चारशे दाणे तपासतात ते याचसाठी. दाणे चौपट केले की चूक निम्मी होते.

उगवण कळली की पुढचे समीकरण अगदी सोपे. एकरी ३० किलो बियाणे हे ७० टक्के उगवणीला धरून आहे. उगवण ६० टक्के निघाली तर किती लागेल? क्ष किलो म्हणा. उगवणारे दाणे तितकेच हवेत, म्हणून क्ष गुणिले ६० बरोबर ३० गुणिले ७०, म्हणजे २१००. क्ष बरोबर ३५. एकरी पाच किलो जास्त. ही बेरीज पेरणीआधी करायची. पेरणीनंतर केली तर तिला पश्चात्ताप म्हणतात.

रिकाम्या जागा काय सांगतात

पण पेरणी होऊन गेली असेल आणि मग शंका आली, तर? पिशवी संपली, चाचणीला दाणे उरले नाहीत. आता उगवण कशी कळणार? इथे बीजगणित खरे कामाला येते.

हल्ली बरेच शेतकरी सोयाबीनची टोकण करतात. समजा, प्रत्येक ठिकाणी दोन दाणे टाकले. आठ-दहा दिवसांनी शेतात जा. मनाला येईल तिथे थांबू नका. कुठली ओळ आणि कितवे पाऊल हे आधी चिठ्ठीने ठरवा आणि अशी शंभर ठिकाणे पाहा. समजा, १६ ठिकाणे पूर्ण रिकामी निघाली. एका दाण्याची उगवण्याची संभाव्यता क्ष, न उगवण्याची य. ठिकाण रिकामे कधी राहते? दोन्ही दाणे न उगवले तर. त्याची संभाव्यता य गुणिले य, म्हणजे यचा वर्ग. यचा वर्ग बरोबर १६ शतांश. म्हणून य बरोबर ४ दशांश आणि क्ष बरोबर ६ दशांश. उगवण ६० टक्के.

दहावीतला हुशार विद्यार्थी म्हणेल, ‘सर, वर्गसमीकरणाला दोन उत्तरे असतात. उणे चार दशांश राहिले की!’ त्याला शाबासकी द्या आणि मग सांगा, संभाव्यता शून्यापेक्षा कमी असू शकत नाही, म्हणून ते उत्तर सोडून द्यायचे. कागदावरची दोन उत्तरे शेतात आली की एकच उरते.

शंभरात १६ ठिकाणे रिकामी दिसली की पाहणाऱ्याला वाटते, ‘चौऱ्याऐंशी टक्के उगवले, चांगले आहे.’ पण बियाण्याची उगवण साठच टक्के असते. दोन-दोन दाण्यांनी तिला झाकलेले असते. डोळ्याला दिसणारा आकडा आणि आपल्याला हवा असलेला आकडा नेहमी एक नसतात. त्या दोघांमधला दुवा म्हणजे समीकरण.

दोष बियाण्याचा की जमिनीचा?

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. उगवण कमी झाली की वाद सुरू होतो. शेतकरी म्हणतो, बियाणे बोगस. विकणारा म्हणतो, ओल कमी होती, खोल पेरले. तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे अर्ज जातो, पथक पाहणीला येते. अशा वेळी रिकाम्या ठिकाणांखेरीज आणखी दोन गोष्टी मोजलेल्या असतील तर वादाला आधार मिळतो: किती ठिकाणी एकच रोप आहे आणि किती ठिकाणी दोन.

ज्या शेतात क्ष ६ दशांश निघाला तिथे काय दिसायला हवे? दोन्ही दाणे उगवलेली ठिकाणे ३६, एकच उगवलेली ४८, रिकामी १६. एक-दोन ठिकाणे इकडेतिकडे होतील. १६ च्या जागी १२ किंवा २० रिकामी आली तरी नवल नाही. साधारण असेच आकडे आले तर प्रत्येक दाणा आपापल्या नशिबाने उगवला किंवा मेला, शेजारच्या दाण्याशी त्याचा संबंध नव्हता. म्हणजे कमीपणा दाण्यादाण्यांत सारखा विखुरलेला आहे.

आता दुसरे शेत घ्या. तिथे ५० ठिकाणी दोन रोपे, २० ठिकाणी एक, आणि ३० ठिकाणे रिकामी. एकूण रोपे मोजा: पन्नास दुणे शंभर अधिक वीस, म्हणजे १२०. दाणे टाकले होते २००. उगवण इथेही ६० टक्केच. पण रिकाम्या ठिकाणांवरून काढायला गेलात तर यचा वर्ग ३० शतांश, य सुमारे ५५ शतांश, आणि क्ष जेमतेम ४५ शतांश. एकाच शेताची दोन उत्तरे. गणित चुकले का? नाही. गणिताने आपल्याला हटकले आहे. आपण धरले होते की एक दाणा मेला म्हणून दुसरा मरत नाही. इथे तसे नाही. इथे दाणे जोडीने मेले आहेत. म्हणजे कारण दाण्यात नसून ठिकाणात असण्याचा संशय येतो: कुठे ओल नव्हती, कुठे पावसानंतर जमिनीवर पापुद्रा धरला, कुठे दाणा खोल गेला, कुठे वाणी किड्यांनी कोंब खाल्ले. दोन वेगळ्या पिशव्यांचे बियाणे शेताच्या वेगवेगळ्या भागांत पडले असेल तरीही असेच दिसेल. म्हणून रिकामी ठिकाणे एका कोपऱ्यात दाटली आहेत की सगळीकडे पसरली आहेत, हे पुन्हा जाऊन पाहायचे.

गणित निकाल देत नाही. निकाल देणे समितीचे काम. पण वहीत नुसते ‘उगवण कमी’ असे लिहिण्यापेक्षा ‘शंभर ठिकाणे पाहिली, दोन रोपे इतकी, एक रोप इतके, रिकामी इतकी’ असे लिहिले तर कोणाचे म्हणणे आकड्यांशी जुळते ते दिसते. कधी ते शेतकऱ्याच्या बाजूचे असेल, कधी नसेल. दोन्ही वेळा खरे कळलेले बरे. ज्याला कळले की दोष पापुद्र्याचा होता, तो पुढच्या वर्षी पिशवी बदलत बसणार नाही, पेरणीची रीत बदलेल.

न विचारता विचारलेला प्रश्न

शेवटी एक प्रयोग माणसांवरचा. काही प्रश्न असे असतात की त्यांची खरी उत्तरे चारचौघांत मिळत नाहीत. ‘तुमच्याकडे खासगी सावकाराचे देणे आहे का?’ हा त्यातला एक. दुष्काळ बघितलेल्या आपल्या भागात या प्रश्नाच्या उत्तरावर एखाद्या घराची अब्रू टांगलेली असते. शेजारी ऐकत असताना कोण ‘हो’ म्हणेल? आणि किती जणांवर हे ओझे आहे हेच कळले नाही, तर मदतीची योजना तरी कशाच्या आधारावर आखायची?

स्टॅन्ली वॉर्नर या अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञाने १९६५ साली यावर एक युक्ती सुचवली. तिचे एक सोपे रूप सांगतो. समजा, २०० शेतकरी आहेत. प्रत्येकाने आडोशाला जाऊन स्वतःचे नाणे उडवायचे, ते कोणाला दाखवायचे नाही. छापा पडला तर काहीही असो, ‘हो’ म्हणायचे. काटा पडला तर खरे असेल ते सांगायचे. आता एखाद्याने ‘हो’ म्हटले तर त्याच्यावर देणे आहे की त्याचा छापा पडला, हे विचारणाऱ्याला कळत नाही. शेजाऱ्याला कळत नाही. झाकली मूठ झाकलीच राहते.

तरीही एकूण किती जणांवर देणे आहे ते काढता येते. हे प्रमाण क्ष म्हणा. निम्म्यांचा छापा, त्यांचे सगळ्यांचे ‘हो’. उरलेल्या निम्म्यांपैकी क्ष इतक्यांचे ‘हो’. समजा, २०० पैकी १३६ जणांनी ‘हो’ म्हटले. छाप्याचे ‘हो’ साधारण १००. उरले ३६, तेही साधारण १०० जणांतले. क्ष बरोबर ३६ शतांश. शंभरातल्या छत्तीस जणांवर सावकाराचे देणे आहे, आणि ते छत्तीस कोण, हे जगात कोणालाही सांगता येत नाही.

याची किंमत मोजावी लागते, तीही सांगितली पाहिजे. छापे बरोबर शंभरच पडतील असे नाही. त्यामुळे २०० माणसांत हा अंदाज बराच सैल राहतो. खरे प्रमाण २३ पासून ४९ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते. अंदाज घट्ट हवा असेल तर माणसे वाढवावी लागतात. पण उघड विचारून मिळालेल्या शंभर खोट्या उत्तरांपेक्षा आपल्या चुकीचे माप स्वतःच सांगणारे सैल उत्तर अधिक कामाचे.

श्रोतेहो, चिंचोका, टोकणीचे ठिकाण आणि आडोशाला उडवलेले नाणे, तिन्हीकडे आपण एकच काम केले. जे माहीत नाही त्याला नाव दिले. त्याच्यामुळे डोळ्याला काय दिसते ते मोजले. दोघांमधले नाते समीकरणात लिहिले. मग अव्यक्त व्यक्त झाले. आणि दर वेळी, आपण काय गृहीत धरले होते ते पुन्हा तपासले.

लातूर पॅटर्नमुळे आपल्या भागातल्या मुलांची गणिताशी ओळख चांगली आहे. गुणांसाठी समीकरणे सोडवणारी मुले घरोघरी आहेत. पुढच्या जूनमध्ये अशा एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती गोणपाट आणि शंभर दाणे द्या. उगवलेले मोजायला सांगा, पुन्हा शंभर दाणे मांडायला सांगा, एकरी किती किलो लागेल तो क्ष काढायला सांगा. त्या वर्षीच्या पेरणीचा आकडा तिने वहीतून वडिलांना वाचून दाखवला, तर पहिले प्रकरण आणि पाचवे प्रकरण त्या घरात तरी एकमेकांशी बोलू लागले, असे समजा.